माउसची बटणे आणि अंगठ्याचे मूळ

नातवंडांनी वापरून बाजूला ठेवलेला गेमिंग माउस पुष्कळदा आजी-आजोबांच्या टेबलावर येतो. त्याच्या डाव्या कडेला, नेमकी अंगठ्याखाली, दोन जादा बटणे असतात. काही माउसवर तर बारा. तरुण हाताला ती सोयीची असतात. साठी ओलांडलेल्या हाताचा विचार मात्र निराळा करावा लागतो.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटालगत असलेला सांधा उतारवयात झिजू लागतो. स्त्रियांमध्ये हे अधिक आढळते. चिमटीत १ किलो जोर लावला, तर या सांध्यावर सुमारे १२ किलो भार येतो. कडेचे बटण दाबताना माउस सरकू नये म्हणून करंगळी व अनामिका पलीकडून रेटा देतात; म्हणजे तीही एक चिमटीच होय. बटण फार पुढे असेल तर अंगठा ताणावा लागतो, फार मागे असेल तर मुडपावा लागतो. दिवसातून शेकडो वेळा असे घडले, की मूळ ठणकू लागते.

म्हणून माउस आधी हातात धरून पाहावा. बटण अंगठ्याखाली आपसूक यावे, हलक्या दाबाने चालावे. परंतु अंगठा नुसता टेकल्याने दाबले जाऊ नये. डावखुऱ्या व्यक्तींनी दोन्ही बाजूंनी सारखा आकार असलेला माउस घ्यावा.

तथापि गेमिंग माउस ज्येष्ठांसाठी निरुपयोगी आहे, असे समजू नये. अशा अनेक माउसच्या बटणांची कामे सॉफ्टवेअरमधून बदलता येतात. हात कापत असल्यास किंवा बोटे आखडलेली असल्यास लागोपाठ दोनदा क्लिक करणे अवघड जाते. ते काम सहज पोहोचणाऱ्या एकाच बटणाला नेमून द्यावे. अंगठा दुखत असेल तर कडेची बटणे बंद करावीत. बाणाची गतीही कमी करावी. साधा माउस असला, तरी विंडोजमध्ये डबल क्लिकचा वेग मंद करता येतो आणि ‘क्लिकलॉक’ सुरू केल्यास बटण दाबून धरावे लागत नाही.

काळजी घेणाऱ्यांनी हे बदल स्वतःच्या सोयीने करू नयेत. ज्येष्ठांच्या शेजारी बसून कोणते बोट अडखळते, ते आधी पाहावे.

बरणीचे झाकण उघडताना किंवा किल्ली फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल, अथवा रात्री अंगठा व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, तर केवळ मलम चोळत बसू नये. डॉक्टरांना हात दाखवावा. बँकेचे व्यवहार असोत वा परदेशातील लेकीशी बोलणे, ते दुखऱ्या अंगठ्यापायी सोडून देण्याची वेळ कोणावर येऊ नये.