दोन चाचण्यांमधले सहा तास

सकाळी ७. आयसीयूतून फोन. दुचाकीचा अपघात, तिशीतला तरुण, न्यूरोसर्जनना ब्रेन-स्टेम डेथची शंका. मी पुण्यातली ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर. अशा वेळी तिकडे फिरकायचंच नाही, हा माझा पहिला नियम. माझ्या ओळखपत्रावर 'अवयवदान' छापलंय.

८.३०. पहिली चाचणी. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टर, त्यांत प्रत्यारोपण करणारा एकही चालत नाही. शेवटी व्हेंटिलेटर काढून पाहतात: रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६०पर्यंत चढला तरी श्वास येतो का? आला नाही. तरी कायद्याने तो अजून जिवंत. दुसरी चाचणी किमान सहा तासांनी.

१०. एक ज्युनियर म्हणाला, अवयवांसाठीच्या तपासण्या आत्ताच करून टाकू, रात्री वेळ वाचेल. वाचेलही. पण ज्याला आपण अजून मृत म्हटलेलं नाही, त्याचं रक्त दुसऱ्यासाठी काढायचं, तेही घरच्यांना न विचारता? थांब म्हटलं.

१२. एका नेत्याच्या पीएचा फोन. 'आपल्या माणसाला' किडनी हवीय. यादी झेडटीसीसीकडे, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते, गुणांवर चालते, एवढं सांगून फोन ठेवला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली कशी, हे जास्त बोचलं.

३. दुसरी चाचणी झाली. मृत्यू जाहीर. डॉक्टरांनी सांगितलं, मी गप्प बसून होते. आई म्हणाली, "छाती हलतेय की. मग गेला कसा?" डॉक्टरांनी पुन्हा, सावकाश समजावलं. बऱ्याच वेळाने मी विषय काढला. मामांनी विचारलं, "मग बिलात काही कमी होईल का?" यात लाजण्यासारखं काही नाही, लाखांचं बिल समोर असतं. म्हटलं, मामा, संमतीनंतरचा खर्च तुमच्यावर नाही, पण आधीच्या बिलाचा आणि दानाचा संबंध नाही. 'नाही' म्हणालात तरी कुणी वाईट वागणार नाही.

पत्नी तयार झाली. आई म्हणाली, "डोळे नका घेऊ." सही एकट्या पत्नीची पुरते. पण आईसारख्या जवळच्या नातलगाची हरकत असताना ती पुढे करायची नाही, हे कायद्यातच आहे. फॉर्म ८वर डोळे खोडले.

५. पोलिसांची एनओसी, झेडटीसीसीला कळवणं. फोनच फोन.

७. वार्ताहर. "नाव, गाव, फोटो द्या, ताई. वाचून चार लोक पुढे येतील." येतील, खरंय. पण गाव छापलं की हृदय मिळालेल्याला ते कुणाचं हे दुपारपर्यंत कळतं, आणि दोन्ही घरांपासून हे गुप्त ठेवायचं असतं. फक्त अवयव सांगितले. "मग बातमीत माणूस कुठाय?" त्याचं चूक नव्हतं.

रात्री ११. हृदयाला जेमतेम चार तास मिळतात. ग्रीन कॉरिडॉर ठरला. मामांनी हळूच विचारलं, "ज्याला मिळणार तो माणूस चांगला आहे ना?" यादीत रक्तगट असतो, आजार किती बळावलाय ते असतं. चांगुलपणाचा रकाना नाही, आणि तो नसावाच असं माझं मत. "फार आजारी आहे," इतकंच म्हटलं. अवयवदान असेल तर पोस्टमॉर्टेम रात्रीही होतं. दोनची वेळ मिळाली.