वार अडली तर ओढू नका



नसरापूरहून मार्गासनी, विंझरमार्गे वेल्ह्याकडे जाताना डोंगराच्या कडेने लहान लहान वाड्या-वस्त्या लागतात. पावसाळ्यात भाताचे एक पीक निघाले की पुढे अनेक घरांचा हातखर्च एक-दोन दुभत्या जनावरांवर चालतो. अशा घरात गाय अडली, म्हणजे विताना तिला त्रास झाला, तर वासरू बाहेर आले की सर्वांना हायसे वाटते. खरा धोका मात्र पुढच्या दहा दिवसांत असतो.

प्रत्येक वेतानंतर गाईच्या गर्भाशयात थोडेफार जंतू शिरतातच. निरोगी गाय ते बाहेर टाकते आणि साधारण दीड महिन्यात तिचे गर्भाशय मूळ आकाराला येते. वासरू मोठे किंवा आडवे असले, पहिलारू कालवड असली, किंवा लहान चणीच्या गाईला मोठ्या संकरित जातीचे रेतन केलेले असले, तर ओढाताण होते. आतला भाग सोलवटतो, न धुतलेला हात आत जातो. त्यातच वार अडकून कुजू लागली की जंतूंना आयतेच खाद्य मिळते. यालाच गर्भाशयाचा दाह म्हणतात.

वार बहुधा बारा तासांच्या आत पडते. चोवीस तासांतही पडली नाही तर ती अडकली असे समजावे. व्याल्यानंतर काही दिवस तांबूस स्राव जातो. त्याला घाण वास नसेल तर काळजी नको. पण स्राव पातळ आणि दुर्गंधीयुक्त झाला, गाईने वैरण सोडली, दूध आटले, ताप १०३ अंशांच्या वर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर हवा. उशीर झाला तर विष अंगभर पसरून गाय दगावू शकते. वाचली तरी पुष्कळदा माजावर येत नाही, भरवली तरी उलटते. मग वर्षभर भाकड गाईला चारा घालायचा, आणि तिच्यासाठी कर्ज काढले असेल तर हप्तेही भरायचे.

लोंबणाऱ्या वारेला दगड किंवा जुनी चप्पल बांधण्याची रीत अजून पाहायला मिळते. तसे करू नये, हाताने ओढूही नये. वार तुटते, आत जखम होते, रक्तस्राव होतो. पाणमोट फुटून दोन तास झाले तरी वासरू पुढे सरकत नसेल, तर चार माणसांनी दोरी लावून ओढण्याऐवजी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. प्रतिजैविक डॉक्टरच ठरवतील. ते सांगतील तितके दिवस दूध घरात वापरू नये, डेअरीलाही घालू नये.

स्वच्छ हाताचे मोल माणसालाही उशिराच कळले. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला आणि बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या झपाट्याने घटली. गोठ्यातही तेच खरे आहे. शिवाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकून वार अडकली असेल, तर ब्रुसेलोसिसची शंका घ्यावी. हा रोग माणसालाही होतो. म्हणून हातमोजे घालावेत, वार खोल खड्ड्यात पुरावी, ती कुत्र्यांना मिळू देऊ नये आणि दूध उकळूनच प्यावे.

एखाद्या कुटुंबाला गाय घेऊन देणे हे मोठे दान आहे. पण गाईसोबत एक तापमापी, साबण, हातमोजे आणि डॉक्टरांचा फोन क्रमांकही दिला पाहिजे. गाभण गाईला वेळेवर खुराक, विण्यासाठी कोरडी जागा आणि व्याल्यावर दहा दिवस रोज कोणीतरी चौकशी, एवढे झाले तर ते दान पुढच्या वेतापर्यंत टिकेल. आपल्या मंडळीत जनावरे पाळणारी कुटुंबे असतील, तर त्यांनाही हा लेख जरूर वाचून दाखवा.