चौदा दिवस लग्नाचे

पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानात सापडलेले जर्मन गोळा करून नगरच्या छावणीत आणून कोंडले. व्यापारी, मिशनरी, खलाशी, सगळे एका मांडवाखाली. छावणीचे भाग पाडले होते आणि त्यातल्या एकाचं नावच ‘पॅरोल कॅम्प’. ‘पळून जाणार नाही’ असा शब्द देणाऱ्यांची सोय तिथं. म्हणजे ‘पॅरोलवर सुटून आलाय बरं का’ ही पारावरची कुजबुज आजची असली, तरी नगरला हे प्रकरण शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत आहे.

नुसत्या शब्दावर मात्र आता कुणी सोडत नाही. आता अर्ज, पोलीस अहवाल, जातमुचलका आणि जामीनदार. शिवाय हा मामला फक्त पक्क्या कैद्याचा. खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्यानं जामिनासाठी कोर्टात जावं.

सुट्ट्या दोन जातीच्या. संचित रजा म्हणजे फर्लो, अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. फर्लोला कारण सांगावं लागत नाही; तुरुंगातल्या त्याच त्या दिवसांतून माणसाला जरा मोकळं करावं, घरच्यांशी नातं टिकावं, एवढ्यासाठी ती असते. सुरुवातीला वर्षाकाठी २१ दिवस, पुढे २८. आणि गंमत म्हणजे घरी काढलेले हे दिवस शिक्षेतच मोजले जातात! पॅरोलला मात्र कारण हवं : घरच्यांचं गंभीर आजारपण, बायकोचं बाळंतपण, घर पडणं, पूर, आग, भूकंप. आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. बाहेर काढलेले पुन्हा आत भरायचे.

खरी मौज तातडीच्या पॅरोलची. २०१८ च्या दुरुस्तीनुसार १४ दिवस, त्यात एक दिवसही वाढवून मिळत नाही. लग्न कुणाचं? मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. बस्स. मेव्हणा बोहल्यावर चढो की भाची, कैद्यानं आतूनच अक्षता टाकाव्यात. साखरपुडा, मुंज, बारसं या यादीत नाहीतच. मृत्यूच्या यादीत वडिलांकडचे आजी-आजोबा आहेत, आजोळचे नाहीत. ही यादी करणाऱ्यानं उन्हाळ्याच्या सुट्ट्या कुठं काढल्या होत्या कोण जाणे. फाशीची शिक्षा झालेल्यांना आणि परदेशी कैद्यांना तर ही रजाही नाही.

फर्लोवर निघायचं तर घरात ठेवून घ्यायला तयार असा नातेवाईक लागतो आणि त्यानं कागदावर सही करून हमी द्यायची असते. सोडणारं सरकार, पण अडकतो मेहुणा! कबूल केलेल्या पत्त्यावरच राहायचं, ठरल्याप्रमाणे पोलीस ठाण्यात हजेरी लावायची, परवानगीशिवाय हद्द ओलांडायची नाही, वाईट संगत धरायची नाही. या शेवटच्या अटीनं गावातले निम्मे कट्टे ओस पडावेत.

परतायला उशीर झाला तर? शिक्षेत मिळवलेली सूट कापली जाते आणि कपातीचा दर उशिराच्या एका दिवसाला पाच दिवसांपर्यंत जातो. वर भारतीय दंड संहितेच्या कलम २२४ खाली गुन्हा ठरलेला असे. पुढच्या वेळच्या अर्जावर तो डाग राहतो, ते वेगळंच.

मे २०२० मध्ये मात्र सरकारच म्हणालं, जा. करोनामुळे तुरुंगातली गर्दी कमी करायची होती, म्हणून नियमात खास बदल करून ४५ दिवसांचा पॅरोल आला आणि साथ हटेना तशी त्याला ३०-३० दिवसांची ठिगळं लागत गेली. त्याच महिन्यात दगडी चाळीत अरुण गवळीच्या मुलीचं लग्न लागलं. टाळेबंदी, मास्क, मोजके वऱ्हाडी आणि नागपूर कारागृहातून पॅरोलवर आलेला वधूपिता.

बड्यांच्या रजेची चर्चा जुनीच. ऑगस्ट १९३४ मध्ये पत्नी कमला अत्यवस्थ म्हणून नेहरूंना डेहराडूनच्या तुरुंगातून सोडलं आणि अकरा दिवसांत पुन्हा आत घेतलं. पुढे १९४२ मध्ये हेच नेहरू नगरच्या भुईकोट किल्ल्यात आले. सोबत पटेल, आझाद, आपले शंकरराव देव; एकूण बारा जण. एप्रिल १९४३ मध्ये आझादांची पत्नी कलकत्त्यात शेवटच्या दुखण्यात होती. आझादांनी ज्याचं टोपणनाव ‘चीता खान’ ठेवलं होतं, त्या तुरुंग अधीक्षकानं सुचवलं : सरकारला काही कळवायचं असेल तर सांगा, लगेच मुंबईला पाठवतो. आझाद म्हणाले, सरकारकडे मला काही मागायचं नाही. भेट झालीच नाही, ती गेली. ही हकीकत त्यांनी किल्ल्यातच लिहिलेल्या ‘गुबार-ए-खातिर’मध्ये आहे. स्वाभिमान म्हणावं की हट्ट, यावर आजही वाद घालता येईल. माझं मत बेगमसाहेबांच्या बाजूनं.

आणखी एक. फर्लो-पॅरोलचे आपले नियम १९५९ चे, म्हणजे महाराष्ट्राच्या जन्माआधीचे, द्वैभाषिक मुंबई राज्यातले. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन्ही राज्यं वेगळी झाली, मुंबईवरून केवढं रान उठलं, पण हे नियम दोघांनीही आपापल्या घरी नेले. त्यामुळे २०२१ मध्ये आसारामचा मुलगा नारायण साई याची फर्लो सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली, तेव्हा खटला गुजरातचा असला तरी नियमांवर नाव ‘बॉम्बे’चंच होतं. फर्लो हा काही कैद्याचा निरपवाद हक्क नव्हे, हे त्या निकालात न्यायालयानं स्पष्ट केलं.