रक्त तेच, दुखणे रोज का नाही?

‘डॉक्टरसाहेब, रगत तर रोज तेच राहते, मंग याचे हातपाय रोजच काऊन नाही दुखत?’ सिकलसेलच्या मुलाला घेऊन आलेल्या एका आईने परवा मला विचारले. प्रश्न साधा, पण उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना अनेक वर्षे लागली.

तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनचा रेणू दगडासारखा टणक नसतो. प्राणवायू घेतला की त्याचा एक आकार, सोडला की दुसरा. १९३८ साली फेलिक्स हौरोवित्झ सूक्ष्मदर्शकातून प्राणवायू नसलेल्या हिमोग्लोबिनचे स्फटिक पाहत होते. हवा लागताच षट्कोनी चकत्या विरघळल्या आणि त्यांच्या जागी सुया तयार झाल्या! पुढे मॅक्स पेरुट्झ यांनी स्फटिकांतून क्ष-किरण सोडले, ते कसे विखुरतात हे मोजले आणि त्यावरून रेणूची रचना मांडली. त्यांना १९६२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्फटिकात मात्र रेणू जखडलेला असतो. म्हणून पुढे एनएमआर तंत्राने तो द्रावणात तपासला गेला. वायू घेतलेला रेणूसुद्धा एकाच आकारात थांबत नाही, हे २००३ साली त्यातून दिसले.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे वळू. सिकलसेलमध्ये रेणूवर एक चिकट ठिपका असतो. तो शेजारच्या रेणूवरील खळग्यात अडकतो. पण हा खळगा प्राणवायू सोडल्यानंतरच्या आकारातच मोकळा होतो. मग रेणूंच्या लांब दोऱ्या बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. दोऱ्या बनायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पेशी फुफ्फुसात परतली, तर त्रास टळतो. अंगातील पाणी कमी झाले, की पेशीत रेणूंची दाटी होते आणि दोऱ्या झपाट्याने बनतात. म्हणून दुखणे रोज नसते.

प्राणवायू घेतलेला आकार टिकवून धरणारे व्हॉक्सेलोटर हे औषध अमेरिकेत २०१९ साली मंजूर झाले. रुग्णांना धोका दिसल्याने २०२४ साली ते मागे घेण्यात आले. आकार कळला म्हणजे इलाज सापडलाच असे नव्हे.

तोवर आपल्या हाती काय? भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून जपावे, ताप आल्यास अंगावर काढू नये. हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. आणि लग्न जुळवताना पत्रिकेआधी दोघांचे रक्त तपासावे.

त्या आईला मी एवढेच सांगितले, ‘बाई, शाळेच्या दप्तरात पाण्याची बाटली रोज भरून द्या.’