मदतनिसाचा हात : केव्हां द्यावा, केव्हां आवरावा

वर्गांत एखादें मूल चाकांच्या खुर्चींत बसून येतें, तेव्हां त्याच्या शेजारीं बहुधा एक मनुष्य असतो. त्यास आपण मदतनीस म्हणतों. खुर्ची ढकलावी, घांस भरवावा, एवढेंच त्याचें काम, असा पुष्कळांचा समज आहे. तें काम खरोखर किती जोखमीचें आहे, हें विद्यार्थ्यांस व पालकांस कळावें म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहों.

उदाहरणादाखल सेरेब्रल पाल्सी हा विकार घेऊं. जन्मापूर्वीं, जन्माच्या वेळीं किंवा त्यानंतर लवकरच मेंदूच्या विकसित होणाऱ्या भागास इजा झाल्यामुळें तो जडतो. स्नायू ताठ होतात, किंवा त्यांवर ताबा राहत नाहीं. हा विकार संसर्गजन्य नाहीं. तसेंच, बोलणें अस्पष्ट म्हणून बुद्धि मंद, असेंही नाहीं. कित्येक मुलांस सर्व समजतें. मात्र उत्तर ओठांपर्यंत येण्यास वेळ लागतो.

अशा मुलास भरवितांना निजवून ठेवूं नये. सरळ बसवावें, मान मागें पडूं देऊं नये, घांस लहान द्यावा, व पहिला गिळल्यावांचून दुसरा देऊं नये. नाहीं तर अन्न श्वासनलिकेंत जाऊन जिवावर बेततें. खुर्चींतून उचलण्यापूर्वीं चाकांचे ब्रेक लावावे; हातास धरून ओढूं नये. फार वेळ एकाच स्थितींत बसल्यानें कातडीस जखमा होतात, म्हणून मधून मधून बसण्याची ढब बदलावी. आणि उचलण्याआधीं "आतां तुला उचलतों" असें त्यास सांगावें. तें मूल आहे, गांठोडें नव्हे.

याहूनही अवघड काम म्हणजे थांबणें. सदऱ्याचें बटण लावण्यास मुलास पांच मिनिटें लागतात, आपणांस एक क्षण. दयेनें किंवा घाईनें आपण तें लावून टाकतों. रोज असें घडलें म्हणजे मूल प्रयत्नच सोडून देतें, आणि आपली मायाच त्यास परावलंबी करते. शिक्षकांनीं मुलास विचारलेल्या प्रश्नाचें उत्तरही मदतनिसानें देऊं नये. मानेनें, डोळ्यांनीं किंवा चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून मूल तें स्वतः देऊं शकतें.

मुंबईंत १९७२ सालीं मिठू अलूर यांनीं अशा मुलांच्या शिक्षणाचें कार्य आरंभिलें. त्यांची कन्या मालिनी चिब यांस हाच विकार आहे. त्यांनीं सेंट झेवियर्स महाविद्यालयांतून पदवी घेतली, लंडनला पुढील शिक्षण केलें, व एका बोटानें टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिलें. त्या बोटाची वाट पाहण्यास कोणी थांबलेंच नसतें तर?

२०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. ज्यांचें अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरलें आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पालकांनीं तो अवश्य मिळवावा. घरीं हा भार बहुधा आईवरच पडतो. इतरांनीं पाळी घेऊन तिला विसांवा द्यावा.

विद्यार्थी मित्रहो, अशा सोबत्याचें नांव मदतनिसास विचारूं नका. त्याच्यासमोर बसून त्यासच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.