शाळेचे वीजबिल आणि आपली लेकरे

आपल्या जिल्ह्यात परळीला औष्णिक वीज केंद्र आहे. २०१५ साली पाण्याअभावी तेही बंद ठेवावे लागले होते. पण वीज दारात तयार होत असली तरी बिल थकले की जिल्हा परिषदेच्या शाळेचे कनेक्शन तुटते आणि संगणक धूळ खातो. नुकसान कोणाच्या लेकरांचे, हे सांगायला नको.

आम्ही हिशेबाची माणसे, आकडेच मांडतो. एका वर्गात चोकच्या दोन जुन्या ट्यूब (११० वॅट) व दोन जुने पंखे (१५० वॅट) सहा तास चालले तर दीड युनिट जळते. एलईडी ट्यूब व तीस वॅटचे नवे पंखे लावले तर अर्ध्या युनिटाहून थोडे जास्त. दहा वर्ग, २२० दिवस धरले तर दोन हजारांवर युनिट वाचतात! पंखे महाग आहेत, म्हणून आधी ट्यूब बदला. खिडकीपुढची कपाटे हलवा, भिंतींना चुना द्या. (सुट्टीतला स्थिर आकार मात्र वाचत नाही.)

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. बंधू-भगिनींनो, पुढच्या बैठकीत बिल मागा. युनिट किती, थकबाकी किती, व्याज किती, ते वाचा. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेल्या लेकरांना संध्याकाळच्या अभ्यासाला शाळेचाच दिवा लागतो.