मैदानाच्या पाटीची किंमत

अमेरिकेत कॉलेजच्या मैदानाला कंपनीचं नाव लागतं तेव्हा कंपनी मैदान विकत घेत नाही. ती ठरावीक वर्षांसाठी फक्त नाव घेते. मग ते तिकिटावर छापलं जातं, रस्त्यावरच्या पाटीवर येतं आणि समालोचकाला दर सामन्यात उच्चारावं लागतं. जाहिरात लोक टाळतात. पत्ता कसा टाळणार?

फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाचं सुमारे ३०,००० आसनांचं फुटबॉल स्टेडियम २०११ मध्ये उघडलं. बांधकामाचं कर्ज डोक्यावर होतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये जीईओ ग्रुपने नावासाठी १२ वर्षांत ६० लाख डॉलर देऊ केले. या कंपनीचा धंदा खासगी तुरुंग चालवण्याचा! तिचे प्रमुख याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. संघाचं बोधचिन्ह घुबड, म्हणून विद्यार्थ्यांनी ‘आउल’ला अल्काट्राझ तुरुंग जोडून स्टेडियमचं ‘आउलकाट्राझ’ करून टाकलं. निदर्शनं झाली आणि एप्रिलच्या सुरुवातीला कंपनीनेच माघार घेतली. माझ्या मते विद्यार्थ्यांचंच बरोबर होतं.

उलटही घडतं. पिझ्झा कंपनीच्या संस्थापकाच्या वर्णद्वेषी उद्गारानंतर लुईव्हिल विद्यापीठाने २०१८ मध्ये तिचं ‘पापा जॉन्स’ हे नाव आपल्या स्टेडियमवरून उतरवलं.